रोमन खंजीर खोचलेला नसे, टांगलेला असे

पुण्यातल्या एका कॉलेजच्या नाट्यमंडळात ज्युलिअस सीझरच्या खुनावरचे नाटक बसते आहे. वेशभूषा सांभाळणाऱ्या ताईंनी विचारले आहे: रोमन शिपायांच्या कमरेला खंजीर द्यायचा तर तो पट्ट्यात खोचायचा का? चित्रांमध्ये म्यानाला चार कड्या दिसतात, त्या कशासाठी? खंजीर डावीकडे द्यायचा की उजवीकडे? आणि हे सगळे रंगमंचावर टिकेल असे बनवायचे कसे?

ताई, आधी थेट उत्तर देतो. खोचू नका. रोमन शिपाई खंजीर पट्ट्यात खोचत नसे, पट्ट्याला टांगत असे. म्यानाच्या वरच्या दोन कड्यांत चामड्याच्या दोन आखूड वाद्या ओवायच्या आणि त्या पट्ट्यावरून लोंबणाऱ्या धातूच्या दोन गुंड्यांना अडकवायच्या. साधा शिपाई असेल तर खंजीर डाव्या बाजूला, सेंच्युरियन म्हणजे शंभराच्या तुकडीचा नायक असेल तर उजव्या बाजूला. घाई असेल तर एवढ्यावर काम भागेल. पण तुम्ही चार कड्यांबद्दल विचारले आहे, म्हणजे तुम्ही नीट बघणाऱ्या आहात. म्हणून सविस्तर लिहितो.

मी मूळचा कोल्हापूरचा. चामड्याचे काम घरात शिकलो. गेली बावीस वर्षे जर्मनीत माइंत्स शहराजवळ राहतो आणि रोमन पद्धतीचे पट्टे, म्याने, वहाणा बनवतो. माइंत्समध्ये रोमन लिजनची, म्हणजे मोठ्या पलटणीची, छावणी होती आणि ऱ्हाईन नदीच्या काठाने त्या शिपायांच्या थडग्यांचे दगड जागोजाग सापडलेले आहेत. माझे खरे गुरू ते दगडच. कारागिराने खंजिराची वादी कुठे वळवली, कुठे अडकवली, हे त्या पाथरवटांनी इतके निगुतीने कोरले आहे की दोन हजार वर्षांनी त्यावरून माप घेता येते.

खोचण्याची कल्पना आपल्या मनात येते ती आपल्या कट्यारीमुळे. कट्यार कमरेच्या शेल्यात खोचली जाते. शेल्याचे चार-सहा वेढे असतात, कापड दाबून बसते, त्या घड्यांमध्ये म्यान घट्ट राहते. रोमन शिपायाच्या कमरेला असे कापड नव्हते. चार-पाच सेंटीमीटर रुंदीची चामड्याची पट्टी, तिच्यावर ओळीने ठोकलेले पितळी पत्रे, आणि पुढे बकल. आत लोकरीचा अंगरखा, लढाईला जाताना त्यावर लोखंडी कड्यांचे चिलखत. अशा ताठ, गुळगुळीत पट्ट्यात म्यान खोचले तर पाच पावलांत खाली घसरते. मी स्वतः करून पाहिले आहे. म्हणून टांगणे.

आता खंजीर कसा होता ते बघू, कारण टांगण्याची पद्धत त्याच्या आकारातूनच निघते. लॅटिनमध्ये त्याला पुगिओ म्हणतात. पाते साधारण 20 ते 30 सेंटीमीटर, दुधारी, मधोमध उभी शीर, कमरेत थोडे आवळलेले आणि खाली पानासारखे फुगून टोकाशी निमुळते. मुठीच्या मध्यावर गोल फुगवटा, म्हणजे बोटे दोन्हीकडे नीट बसतात. ही घडण मूळची रोमची नाही. स्पेनमधल्या केल्टिबेरियन जमातींकडे असे खंजीर आधीपासून होते. त्यांच्याशी रोमनांच्या लढाया अनेक वर्षे चालल्या आणि इ.स.पू. 133 मध्ये रोमन सेनापती स्किपिओने त्यांचे नुमान्तिया हे शहर जिंकले. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने त्याच शतकात रोमन पायदळाच्या हत्यारांचे बारीक वर्णन केले आहे. त्यात तलवार आहे, भाला आहे, ढाल आहे, खंजिराचा उल्लेख नाही. म्हणजे हा खंजीर स्पेनहून शिकून घेतलेला, आणि नंतर रोमन शिपायाची ओळख बनलेला.

पाते वरच्या अंगाला रुंद, त्यामुळे म्यानाचे तोंडही रुंद. ते एका कडीवर टांगले तर गरगर फिरत राहील. दोन कड्या, दोन कडांना, म्हणजे तोंड कायम सरळ आणि म्यानाची दर्शनी बाजू कायम समोर. ही दर्शनी बाजू महत्त्वाची होती. ह्या म्यानांवर चांदीची, पितळेची जडणकाम केलेली नक्षी असे, कधी लाल मिना. ती दिसावी म्हणूनच केलेली. दक्षिण जर्मनीतल्या ओबरआमेरगाउजवळ, जिथे इ.स.पू. 15 च्या आल्प्स मोहिमेच्या खुणा सापडल्या, तिथल्या एका म्यानावर कारागिराने आपले नाव जडवले आहे: 'गायुस आन्तोनियुसने बनवले.' ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फार भरून आले. चामड्या-लोखंडाचे काम करणाऱ्या माणसाचे नाव इतक्या काळानंतर वाचायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हे.

म्याने मुख्यतः दोन प्रकारची. एकात पुढे-मागे लोखंडी पत्रा, कडांना जोडलेला, आत लाकडाचे अस्तर. दुसऱ्यात फक्त पुढचा पत्रा लोखंडी, तो मागच्या लाकूड-चामड्याच्या भागावर रिवेटने बसवलेला. दोन्हींत कडांना चार कड्या: दोन वर, दोन खाली. पत्र्याची अरुंद पट्टी कडीभोवती वळवून म्यानाच्या कडेला रिवेट केलेली असते. ते रिवेट पुढून दिसतात आणि बहुतेक वेळा नक्षीचाच भाग होतात.

आता मुख्य गोष्ट, पट्ट्यावरची गुंडी. इंग्रजी पुस्तकांत हिला 'फ्रॉग' म्हणतात. मराठीत तिला मी लोंबती गुंडी म्हणतो. पट्ट्यावरच्या एका पत्र्याची कड वळवून तिथे बारीक नळी केलेली असते, दाराच्या बिजागरीला असते तशी. त्या नळीत एक सळी, आणि सळीवर हलणारा छोटा धातूचा दांडा. दांड्याच्या टोकाला गोल चपटी चकती, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. अशा दोन गुंड्या, शेजारशेजारच्या दोन पत्र्यांवर. म्यानाच्या वरच्या डाव्या कडीतून निघालेली वादी डाव्या गुंडीला, उजव्या कडीतली उजव्या गुंडीला.

मी ती वादी अशी करतो: बोटाच्या पेराएवढी रुंद पट्टी कापायची, कडीतून ओवून दुहेरी करायची, दोन्ही पदर एकत्र धरून टोकाजवळ उभी चीर द्यायची. चिरेच्या दोन्ही टोकांना आरीने गोल भोक पाडायचे, नाहीतर चीर फाटत जाते. मग ती चीर गुंडीच्या चकतीवरून चढवायची, शर्टाचे बटण काजात घालावे तशी. चामडे नवे असताना अंगठ्याने जोर लावून चढवावे लागते. तेच हवे. सहज चढणारी चीर सहज निसटते.

बिजागरी कशाला, असे अनेकजण विचारतात. वादी थेट पट्ट्यालाच रिवेट करून टाकली असती तर काम सोपे झाले असते. पण शिपाई दिवसभर वाकतो, खणतो, बसतो, घोड्यावर किंवा तटावर चढतो. प्रत्येक वेळी म्यान पुढे-मागे हलते. वादी पट्ट्याला पक्की असेल तर ती एकाच रेषेवर हजारदा दुमडते आणि तिथेच तुटते. बिजागरी असली की हालचाल धातू घेतो, चामडे वाचते. शिवाय खंजीर पट्ट्यापासून वेगळा करता येतो. वादी गुंडीवरून काढली की खंजीर म्यानासकट हातात. पट्टा सोडायची गरज नाही.

हे वेगळे करता येणे रोमन इतिहासकार टॅसिटसच्या एका वाक्यात फार सुंदर आले आहे. इ.स. 69 च्या डिसेंबरात सम्राट व्हिटेलियसची सत्ता कोसळत होती. तो लोकांसमोर रडत उभा राहिला आणि शेजारी असलेल्या कैकिलियुस सिम्प्लेक्स ह्या कॉन्सुलला, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला, आपला खंजीर देऊ लागला, जणू नागरिकांच्या जीवन-मरणाचा अधिकारच परत करतो आहे. टॅसिटसचे शब्द आहेत: 'कुशीपासून सोडवलेला खंजीर'. उपसलेला नव्हे, सोडवलेला. कॉन्सुलने तो घेतला नाही. मी हे वाक्य वाचतो तेव्हा मला त्या गुंडीवरून ओढून काढलेली वादी दिसते. तुमच्या नाटकात कोणी खंजीर सुपूर्द करण्याचा प्रसंग असेल तर असाच करून घ्या. म्यानासकट, दोन्ही हातांनी, न उपसता.

पुरावा कुठला, हेही सांगतो, कारण नुसते 'असे असे' म्हणून तुम्ही का ऐकावे? पहिला पुरावा दगडाचा. बिंगरब्रुक इथे ऱ्हाईनकाठी सापडलेला अन्नायुस नावाच्या शिपायाचा थडगेदगड आज बाड क्रॉइत्सनाखच्या संग्रहालयात आहे. हा मूळ दावेर्सी जमातीचा, आजच्या बोस्निया-क्रोएशियाच्या भागातला माणूस, चौथ्या डाल्मेशियन कोहोर्टमध्ये, म्हणजे पायदळाच्या तुकडीत, 15 वर्षे नोकरी करून 36 व्या वर्षी वारला. दगडावर तो समोर तोंड करून उभा आहे. कमरेला दोन पट्टे, एकमेकांवर तिरके आडवे गेलेले. एक उजव्या कुशीकडे उतरतो, त्याला तलवार. दुसरा डाव्या कुशीकडे उतरतो, त्याला खंजीर. मधोमध धातूच्या टिकल्या बसवलेल्या चामड्याच्या पट्ट्यांचा झुबका, पुढे लोंबणारा. खंजिरापाशी बघितले की लोंबत्या गुंड्या आणि म्यानाच्या कड्या दोन्ही ओळखू येतात. त्या दगडासमोर मी वही घेऊन कितीदा उभा राहिलो आहे ते मोजलेले नाही.

दुसरा पुरावा जमिनीखालचा. नेदरलँड्समध्ये फेल्सन इथे सम्राट टायबेरियसच्या काळातला रोमन किल्ला होता. तिथल्या एका विहिरीत एका माणसाचा सांगाडा मिळाला, आणि त्याच्याबरोबर म्यानातला खंजीर व पट्ट्याचे पत्रे. एरवी पट्ट्याचा पत्रा एका जागी, म्यान दुसऱ्या जागी, गुंडी तिसऱ्याच शहराच्या संग्रहालयात असे असते, आणि कशाचे काय हे जुळवत बसावे लागते. इथे सगळे एका माणसाच्या अंगावरचे, एका वेळी पाण्यात गेलेले. दगडात कोरलेले आणि विहिरीत मिळालेले जुळते म्हटल्यावर आमच्यासारख्या बनवणाऱ्यांना पाय ठेवायला पक्की जमीन मिळते.

तिसरी गोष्ट अलीकडची. जर्मनीतच हाल्टर्न इथे 2019 मध्ये एका विद्यार्थ्याला उत्खननात गंजाचा एक ओबडधोबड गोळा मिळाला. तो साफ करायला नऊ महिने लागले. आतून निघाला चांदीच्या नक्षीचा खंजीर, लाल काच जडवलेले म्यान, आत लिंडन झाडाच्या लाकडाचे अस्तर, आणि सोबत पट्ट्याचे अवशेष. हाल्टर्नची छावणी इ.स. 9 च्या सुमारास, ट्यूटोबर्गच्या जंगलात जर्मन टोळ्यांकडून झालेल्या रोमन पराभवानंतर सुटली. म्हणजे हा ऐवज पहिला रोमन सम्राट ऑगस्टस ह्याच्या काळातला.

आणि इटलीतल्या हर्क्युलेनियम शहरातला एक शिपाई. 1982 मध्ये समुद्रकाठच्या उत्खननात त्याचा सांगाडा मिळाला, इ.स. 79 च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पालथा पडलेला. कमरेला नक्षीचा पट्टा, हत्यारे, आणि पाठीवरच्या पिशवीत सुतारकामाची अवजारे. पळून जाण्याच्या त्या घाईतही त्याने पट्टा कसलेला होता. रोमन शिपायाला पट्ट्याचे काय मोल होते ते ह्यातून कळते. रोमन चरित्रकार सुइटोनियस लिहितो की ऑगस्टस काही गुन्ह्यांसाठी शिपायांना पट्टा काढून, नुसत्या अंगरख्यात, सेनापतीच्या तंबूपुढे दिवसभर उभे करीत असे. पट्टा गेला की अंगरखा गुडघ्याखाली घरंगळतो, आणि माणूस शिपाई दिसत नाही.

आता डावी-उजवी बाजू. इथे गोंधळ होतो, कारण पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस ह्याने नेमके उलटे लिहून ठेवले आहे. ज्यू लोकांच्या युद्धाच्या इतिहासात तो म्हणतो की पायदळातला शिपाई दोन्ही कुशींना हत्यार लावतो, डावीकडची तलवार खूप लांब, उजवीकडचे हत्यार वीतभर. पण ऱ्हाईनकाठच्या साध्या शिपायांच्या दगडांवर तलवार उजवीकडे आणि खंजीर डावीकडे दिसतो. तलवार उजवीकडे ठेवण्याचे कारण सरळ आहे: डाव्या हातात मोठी ढाल असते, डावीकडून तलवार ओढायला गेलात तर हात ढालीला आदळतो. सेंच्युरियनचे मात्र वेगळे. इंग्लंडमधल्या कोलचेस्टरला विसाव्या लिजनच्या फावोनियुस फाकिलिस ह्या सेंच्युरियनचा दगड आहे. त्याच्या डाव्या कुशीला तलवार, खांद्यावरून आलेल्या पट्ट्याला. उजव्या कुशीला खंजीर. हातात वेलीची काठी, त्याच्या हुद्द्याची खूण. जोसेफसच्या डोळ्यांसमोर असेच कोणी अधिकारी असावेत, असे मला वाटते. तुमच्या नाटकापुरते सांगायचे तर रांगेत उभा राहणारा प्रत्येक शिपाई खंजीर डावीकडे लावील, त्यांना हुकूम देणारा उजवीकडे. प्रेक्षकांना कारण कळणार नाही, पण नायक आणि शिपाई वेगळे दिसतील.

दोन पट्टे की एक? पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात दोन तिरके पट्टे खूप दिसतात. पुढे तलवार खांद्यावरून आडव्या जाणाऱ्या पट्ट्यावर गेली आणि कमरेला एकच पट्टा राहिला, खंजिरापुरता. टॅसिटसने सेनापती कॉर्बुलोची एक हकिकत दिली आहे. इ.स. 47 च्या सुमारास जर्मेनियात त्याने शिस्त इतकी कडक केली की तट खणताना एक शिपाई हत्यारच न लावता होता म्हणून, आणि दुसरा नुसता खंजीर लावून होता म्हणून, दोघांना मृत्युदंड दिला, असे लोक सांगत. टॅसिटस स्वतःच म्हणतो की ह्यात अतिशयोक्ती असू शकते. पण मला त्यातला तपशील मोलाचा वाटतो. खणताना उजव्या कुशीची तलवार फावड्याच्या आड येते, म्हणून शिपाई ती काढून ठेवत. खंजीर मात्र कमरेलाच राहतो, इतका तो आड न येणारा होता. नीट टांगलेला खंजीर डाव्या जांघेच्या वरच्या अंगाला आडोशाने बसतो. मी कोरीव दगडांच्या मापाने बनवलेला पट्टा लावून बागेत दिवसभर खड्डे खणले आहेत आणि दुपारनंतर खंजीर कमरेला आहे ह्याची आठवणही राहिली नव्हती.

खालच्या दोन कड्यांबद्दल तुम्ही विचारले. ह्यावर आम्हा बनवणाऱ्यांमध्ये बरेच वाद होतात. काहीजण खालच्या कड्यांतून वादी काढून ती वर पट्ट्याला बांधतात, म्हणजे म्यान हलू नये. काही मांडीला बांधतात. मला दोन्ही पटत नाही. मी जे दगड पाहिले आहेत त्यांत खालच्या कड्या मोकळ्या दिसतात. माझे मत असे की चार कड्यांची घडण स्पेनच्या खंजिराबरोबर आली, तिथे म्यान आडवे-तिरके लावण्याची चाल होती आणि त्यासाठी चारही कड्या कामाच्या होत्या. रोमनांनी म्यान उभे टांगले, वरच्या दोन कड्या वापरल्या आणि खालच्या दोन घडणीचा भाग म्हणून तशाच ठेवल्या. हत्यारांच्या कामात असे पुष्कळ होते. तुम्ही खालच्या कड्या लावा, पण बांधू नका.

रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या विजयस्तंभावरून खंजिराचा नमुना घेऊ नका, हेही सांगून ठेवतो. त्या स्तंभावर शेकडो शिपाई कोरलेले आहेत, पण कुणाच्याही कमरेला खंजीर नाही. त्यावरून बराच काळ असे समजले जाई की पहिल्या शतकाच्या अखेरीस खंजीर मागे पडला. मग बव्हेरियातल्या क्युनझिंग इथल्या किल्ल्यात तिसऱ्या शतकात पुरून ठेवलेला लोखंडाचा मोठा साठा सापडला, त्यात खंजिरांचा ढीगच होता, पहिल्या शतकातल्यांपेक्षा मोठ्या पात्यांचे. रोममध्ये बसून कोरणाऱ्याने सीमेवरच्या शिपायाचा पट्टा जवळून पाहिला नव्हता एवढाच त्याचा अर्थ. ऱ्हाईनकाठचा पाथरवट रोज त्या शिपायांच्या शेजारी राहत होता.

आता तुमच्या नाटकाकडे. प्रसंग इ.स.पू. 44 चा. मी वर सांगितलेले नक्षीदार पत्र्यांचे, लोंबत्या गुंड्यांचे पट्टे ऑगस्टसच्या काळापासून पुढे बहरले. सीझरच्या शिपायांजवळ खंजीर होते, इ.स.पू. 52 मध्ये त्याने वेढा घातलेल्या, आजच्या फ्रान्समधल्या आलेसियाच्या जागी त्यांचे अवशेष मिळाले आहेत. तेव्हा तुमच्या शिपायांना साधा चामड्याचा पट्टा द्या, पत्रे कमी, नक्षी नको. दोन गुंड्या असू द्या, टांगण्याचे तत्त्व तेच राहील आणि प्रेक्षकाला ते दिसेल.

कटवाल्यांच्या कमरेला मात्र काहीही टांगू नका. ते सिनेटर होते, टोगा म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेले लांब वस्त्र घातलेले. शहरात, सभेत, कुणाच्याही कमरेला हत्यार नसे. त्यांनी खंजीर लपवून आणले होते. टोग्याच्या घड्यांमधून किंवा कागदपत्रांच्या पेटीतून ते बाहेर येऊ देत. ब्रूटसने इ.स.पू. 43-42 मध्ये पाडलेले नाणे बघा: मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, दोन्ही बाजूंना दोन खंजीर, खाली मार्चच्या त्या दिवसाचे नाव. नाण्यावरच्या त्या दोन खंजिरांच्या मुठी एकमेकींपासून वेगळ्या कोरल्या आहेत. तुमच्या सामानवाल्याने सगळे खंजीर एकाच साच्यातून काढले नाहीत तर बरे.

आणखी एक अपवाद सांगतो, कारण कुणीतरी दिग्दर्शक ते वाचून तुम्हाला सांगेल. सुइटोनियस लिहितो की गाल्बा सम्राट होण्याच्या वाटेवर रोमकडे येताना सेनापतीचा झगा घालून, गळ्यातून छातीवर खंजीर लटकवून प्रवास करीत होता. ते त्याच्या अधिकाराचे प्रदर्शन होते, शिपायाची पद्धत नव्हे. रांगेतल्या शिपायाच्या गळ्यात खंजीर घालू नका.

बनवण्याचे सांगतो. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे घेऊ नका. ते मऊ, फुगीर असते, पत्र्याचे रिवेट त्यात रुतत नाहीत आणि वादी लांबते. कोल्हापुरात चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे मिळते. ते घ्या. रोमन लोकही वनस्पतीनेच चामडे कमावत, त्यामुळे रंग, ताठपणा, पाणी लागल्यावर पडणारा डाग, सगळे जवळचे दिसते. पट्ट्याला तीन-साडेतीन मिलिमीटर जाडी पुरे. वाद्यांना दोन. कडा घासून मेणाने बंद करा.

माप घेताना एक चूक मी केली होती ती तुम्ही करू नका. माझ्या पहिल्या पट्ट्यावर दोन गुंड्यांमधले अंतर मी म्यानाच्या कड्यांपेक्षा कमी ठेवले. दिसायला नीट होते. पण वाद्या आत ओढल्या गेल्या, म्यानाचे तोंड चिमटले, आणि पहिल्याच सादरीकरणात खंजीर आत अडकून बसला. सहा महिन्यांनी तोंडाशी लाकूड उकलले. गुंड्यांमधले अंतर कड्यांमधल्या अंतराएवढे, किंवा किंचित जास्त ठेवा. वाद्या सरळ खाली किंवा थोड्या बाहेर तिरक्या दिसल्या पाहिजेत.

दुसरी गोष्ट वादीची लांबी. नवशिके लांब ठेवतात, म्यान मांडीवर छान लोंबावे म्हणून. मग खंजीर उपसताना म्यानही हाताबरोबर वर येते आणि नट दुसऱ्या हाताने ते खाली दाबत बसतो. शिपायाच्या दुसऱ्या हातात ढाल होती, त्याला ती सोय नव्हती. कडीचा वरचा भाग आणि गुंडीचा खालचा भाग ह्यांत दोन बोटे बसतील एवढेच अंतर ठेवा. म्यानाचे लाकडी अस्तर पात्याला फार घट्ट नको. म्यान उलटे धरून हलवले तर खंजीर पडू नये, आणि सरळ ओढला तर अडू नये, एवढीच पकड ठेवा. रंगमंचासाठी पाते लाकडाचे किंवा बोथट ॲल्युमिनियमचे, टोक अंगठ्याएवढे गोल.

गुंड्यांसाठी पितळी पत्रा एक मिलिमीटरचा चालेल. चकती आणि दांडा एकाच तुकड्यातून कापता येत नाहीत असे वाटते, पण येतात. दांडा लांब ठेवा, वरचे टोक सळीभोवती वळवून मागे रिवेट करा. बिजागरीची सळी म्हणून सायकलच्या चाकाची तार उत्तम. ती सहजी गंजत नाही आणि वाकत नाही.

पोशाख चढवताना क्रम पाळा: आधी पट्टा कमरेला, बकल पुढे, घट्ट, अंगरखा पट्ट्यावरून ओढून गुडघ्याच्या जरा वर येईल इतका फुगवून घ्या, मग शेवटी म्यान गुंड्यांना अडकवा, डावी वादी आधी. उलट केले तर पट्टा कसताना म्यान मांडीत अडकते. आणि रंगीत तालमीच्या आदल्या रात्री प्रत्येक वादीची चीर हाताने ओढून बघा. चिरेच्या टोकाचे भोक लांबट झाले असेल तर ती वादी बदला. दोन पदरांची वादी कापायला पाच मिनिटे लागतात, तेवढ्या जादा वाद्या पेटीत तयार ठेवा.